सायकल, ढकलगाडी आणि समृद्ध बेट

मागच्या महिन्यात आपण पापड वाळवण्याच्या जाळीबद्दल बोललो. आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहोत. बचत गटांच्या अभ्यासदौऱ्यातून आम्ही पाच जणी जपानला जाऊन आलो. दौऱ्याच्या शेवटी तीन दिवस मोकळे होते. ते आम्ही मोठ्या शहरातल्या दुकानांत घालवले नाहीत, समुद्रातल्या बेटांवर घालवले. तिथे काय पाहिलं आणि परत आल्यावर आमच्या गटाला कोणता निर्णय बदलावा लागला, ते आज सांगतो.

जपानच्या मोठ्या बेटांच्या मध्ये एक आतला समुद्र आहे. त्याला सेतो म्हणतात. चारही बाजूंनी जमीन असल्यामुळे पाणी बहुतेक वेळा शांत असतं. त्यात शेकडो लहान-मोठी बेटं आहेत. आम्ही कोकणातल्या, समुद्र रोजचा पाहिलेला. पण जिकडे बघावं तिकडे हिरवे डोंगर पाण्यातून वर आलेले, असं दृश्य आम्हाला नवीन होतं.

पहिल्या दिवशी ओनोमिची गावातून बोटीनं इकुची नावाच्या बेटावर गेलो. पाऊण तासाच्या आत पोहोचलो. हे बेट लिंबांसाठी प्रसिद्ध. उतारावर लिंबाच्या बागा, धक्क्याजवळच्या दुकानांत लिंबाचा मुरांबा, लिंबाचा केक, लिंबाचं मीठ. आमच्या खजिनदार वहिनी प्रत्येक बाटली उलटी करून मागची चिठ्ठी बघत होत्या. वाचता येत नव्हतं, पण वजन आणि किंमत कळत होती. एकाच फळाचे इतके पदार्थ, आणि प्रत्येकावर बेटाचं नाव. आपण कोकम विकतो तेव्हा पिशवीवर गावाचं नाव घालतो का, हा प्रश्न तिथेच निघाला.

या भागात सहा बेटं पुलांनी जोडली आहेत. १९९९ साली हा रस्ता पूर्ण झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलीनं जाता येतं, साधारण ७० किलोमीटर. रस्त्याच्या कडेला निळी रेघ मारलेली असते. रेघ धरून चाललं की वाट चुकत नाही. सायकल भाड्यानं घ्यायची आणि दुसऱ्या बेटावरच्या ठरलेल्या केंद्रावर सोडून द्यायची, अशीही सोय आहे.

आमच्या गटाच्या अध्यक्षा काकू बावन्न वर्षांच्या. सातवीपर्यंत भावाच्या सायकलवर शाळेत जायच्या. लग्नानंतर सायकलला हात लावलेला नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही जा, मी इथे बाकावर बसते. पण दुभाषी मुलीनं बॅटरीची सायकल दाखवली. पायडल आपणच मारायचं, चढ आला की बॅटरी थोडा जोर लावते. काकूंनी आधी मैदानात दोन फेऱ्या मारल्या. एकदा पाय टेकला, एकदा कठड्याला धडकल्या. तिसऱ्या फेरीला सुटल्या त्या सुटल्याच.

आम्ही सगळा रस्ता नाही केला. इकुचीवरून पुढच्या ओमिशिमा बेटापर्यंतचा पूल पार करून परत आलो. त्या पुलाचं नाव तातारा. दोन उंच मनोऱ्यांमधलं अंतर ८९० मीटर, तारांच्या आधारावर पेललेलं. पुलावर चढायचा रस्ता मुद्दाम लांब आणि हलक्या चढाचा केला आहे, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही दम लागू नये. मनोऱ्याच्या खाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज वर वर चढत जातो. आम्ही पाच जणी तिथे लहान मुलींसारख्या टाळ्या वाजवत होतो. काकू म्हणाल्या, चाळीस वर्षं ही सायकल कुठे ठेवली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं समुद्रावरचा मोठा पूल ओलांडून ताकामात्सु शहरात आलो. दुपारी तिथले प्रसिद्ध उडोन खाल्ले. गव्हाच्या जाड शेवया, आणि वाळवलेली बारीक मासळी उकळून केलेला रस्सा. सुकटीचा वास येताच आम्हाला घर आठवलं. मग तिथून बोटीनं ४० मिनिटांवरच्या ओगी बेटावर गेलो.

ओगी अगदी लहान. सपाट जागा नाहीच म्हटलं तरी चालेल. डोंगरावर घरावर घर चढलेलं, मध्ये दगडी गडग्यांच्या अरुंद पाखाड्या. मोटार आत जात नाही. तिथे राहणाऱ्यांत म्हाताऱ्याच जास्त. त्यांच्याकडे चार चाकांची एक ढकलगाडी असते. तिला ओन्बा म्हणतात. बाजार, भाजी, सरपण त्यात टाकायचं आणि गाडीला धरून चढ चढायचा. ओझं डोक्यावर नाही आणि आधाराला काठीही लागत नाही. काही ओन्बा जुन्या लाकडाच्या फळ्यांनी मढवून सुंदर रंगवल्या आहेत. आपल्याकडे गुडघे गेलेल्या बायका हंडा कमरेवर घेऊन पाखाडी चढतात. अशी गाडी आपल्या सुताराकडून करून घ्यायला काय हरकत आहे? आम्ही मापं घेऊन आलो आहोत. ज्या गटाला हवी असतील त्यांनी केंद्रावर निरोप ठेवावा.

ओगीची आणखी एक गोष्ट. तरुण माणसं शहरात गेली, मुलं उरली नाहीत, म्हणून शाळा बंद पडली होती. मग काही कुटुंबांनी बेटावर परत यायचं ठरवलं. पण शाळा नसेल तर मुलांना घेऊन कसं यायचं? त्यांनी शहराच्या महापौरांकडे अर्ज केला, सह्या गोळा केल्या. २०१४ साली शाळा पुन्हा सुरू झाली. मोजकीच मुलं, पण घंटा वाजू लागली. आमच्या वाडीतली शाळा पटसंख्येच्या यादीत आहे, म्हणून ही गोष्ट आम्ही दोनदा विचारून घेतली.

तिसऱ्या दिवशी गेलो तेशिमाला. आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे, म्हणून जरा लक्ष देऊन ऐका.

तेशिमा या नावाचा अर्थच समृद्ध बेट. तिथे झरे आहेत, भाताची खाचरं आहेत. डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी खाचरं उतरत जातात आणि खाली समुद्र दिसतो. धक्क्याजवळ बॅटरीच्या सायकली भाड्यानं मिळतात. काकू आता सर्वांत पुढे. वळणावर वळण घेत उतरताना वारा कानांत शिरत होता.

खाचरांच्या शेजारी एक कलासंग्रहालय आहे, २०१० साली उघडलेलं. पाण्याच्या थेंबासारखा आकार, आत एकही खांब नाही, वर दोन मोठी भोकं. आत चित्रं नाहीत. जमिनीतून बारीक बारीक थेंब वर येतात, ओघळतात, एकमेकांत मिसळतात. पायातलं काढून आत जायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. पाण्यासाठी मैलभर चाललेल्या आम्ही, तिथे अर्धा तास गप्प बसून नुसतं पाणी पाहिलं. गावात एका रिकाम्या पडलेल्या घराचं उपाहारगृह केलं आहे. तिथल्याच बायका तिथल्याच भाज्या आणि मासे रांधतात. शहरातल्या आचाऱ्यांनी त्यांना मांडणी शिकवली, चव मात्र बेटाची.

पण याच समृद्ध बेटाला लोक एके काळी कचऱ्याचं बेट म्हणत होते.

झालं असं. १९७५ च्या सुमाराला एका ठेकेदारानं बेटाच्या पश्चिम टोकाला कारखान्यांचा कचरा आणण्यासाठी परवानगी मागितली. गावानं विरोध केला, कोर्टात गेलं. मग ठेकेदारानं अर्ज बदलला. म्हणाला, मी गांडुळं पाळणार आहे. विषारी नसलेला कचरा आणून गांडुळांना घालणार. १९७८ साली त्याला परवानगी मिळाली.

मैत्रिणींनो, गांडूळखत आपण सगळ्याच करतो. गांडूळ म्हटलं की आपल्याला शेतकऱ्याचा मित्र आठवतो. त्या नावाखाली तिथे मोटारींचा भंगार चुरा, वापरलेलं तेल, रसायनांचा गाळ येऊन पडू लागला. उघड्यावर जाळला जाऊ लागला. गावाला धूर, खोकला, वास. लोक तक्रारी करत राहिले. देखरेख ज्यांनी करायची त्यांनी काणाडोळा केला. शेवटी १९९० साली शेजारच्या प्रांताच्या पोलिसांनी धाड घातली, तेव्हा ते थांबलं. पण कचरा तिथेच राहिला.

१९९३ साली बेटावरच्या ५४९ लोकांनी मिळून सरकारकडे दाद मागितली. आज त्या बेटावर हजारापेक्षा कमी माणसं राहतात. तेव्हा एवढ्या सह्या म्हणजे काय, ते समजून घ्या. लोकांनी प्रांताच्या कचेरीसमोर महिनोनमहिने ठाण मांडलं. २००० साली समझोता झाला. प्रांताच्या राज्यपालांनी बेटावर येऊन माफी मागितली. सह्या करणारे बरेच वृद्ध तोवर हयात नव्हते. कचरा बोटीनं शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन तिथल्या भट्टीत वितळवायचा, असं ठरलं. ते काम २०१७ साली संपलं. सुमारे ९ लाख टन कचरा आणि माती हलवावी लागली. जमिनीखालचं पाणी साफ करायचं काम त्यानंतरही चालू राहिलं.

त्या जागेवर आता एक लहान संग्रहालय आहे. तिथे कचऱ्याच्या थराचा एक उभा काप जपून ठेवला आहे. काळा, मध्ये रबराचे तुकडे, तारा. आम्ही त्याच्यासमोर उभ्या होतो आणि आमच्यापैकी कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

कारण काय, ते आता सांगतो. आमच्या गावाच्या गायरानावर खताचा प्रकल्प काढायचा प्रस्ताव आला आहे. शहरातला कचरा आणायचा, खत करायचं, गटाच्या वीस बायकांना काम. दौऱ्याला निघण्याआधी बैठकीत आम्ही पाचही जणींनी हात वर केला होता. वीस बायकांना बारमाही काम ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. कोणता कचरा, कुठून, रोज किती, हे आम्ही विचारलंच नव्हतं. खत म्हटलं, आणि आमचं समाधान झालं.

प्रस्ताव आणणारे लबाड आहेत, असं आम्ही म्हणत नाही. प्रकल्प चांगलाही असेल. पण परत आल्यावर आम्ही गटाची बैठक बोलावली आणि आपला होकार मागे घेतला. काही जणी रागावल्या. एकीच्या मुलाला तिथे गाडी चालवायचं काम मिळणार होतं. ती महिनाभर आमच्याशी बोलली नाही. तिचं चुकलं, असंही आम्हाला म्हणवत नाही.

आता आम्ही सात प्रश्न कागदावर लिहून ग्रामपंचायतीला दिले आहेत. कचरा कोणत्या प्रकारचा? कुठून येणार? रोज किती गाड्या? त्याचं पाणी मुरणार कुठे? जवळच्या विहिरींचं पाणी आज तपासून ठेवणार का? परवानगीच्या कागदावर नेमके शब्द कोणते? आणि काम बंद पडलं तर जागा कोण साफ करणार, कोणाच्या पैशानं?

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बऱ्याच गावांत ती फक्त वहीत होते. आमच्या गावातही तसंच होतं. या वेळी आम्ही घरोघर जाऊन सांगितलं आहे. येत्या सभेला बायकांनी यायचं, प्रश्नांची उत्तरं ऐकायची आणि मगच हात वर करायचा. उत्तरं बरोबर असतील तर आम्हीच सर्वांत आधी हात वर करू.

तेशिमाहून निघताना शेवटची बोट गाठायची घाई होती. काकूंनी सायकल जागेवर लावली, कुलूप लावलं, किल्ली परत दिली. बोटीत बसल्यावर म्हणाल्या, या लोकांना पंचवीस-तीस वर्षं लागली, आपल्याला एक सभा लागेल. तेवढी तरी घेऊ या.

सभेत काय झालं, ते पुढच्या महिन्यात याच वेळी सांगू. तोवर तुमच्या गावात कोणता कागद सहीसाठी फिरतो आहे, तो एकदा मोठ्यानं वाचून घ्या. नमस्कार.