नाव बहिणाबाईंचं, निवड कोणाची?



आपली जळगाव-धुळ्याची कॉलेजं आधी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. असोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेत, जातं, माणसं यांतून ती शिकली. तिच्या शिकण्यात आर्ट्स-सायन्स अशा शाखा नव्हत्या.

सोव्हिएत राज्य गेल्यावर किरगिझस्तानात, बिश्केकला, १९९३ मध्ये अमेरिकी धर्तीचं शिक्षण सुरू झालं. त्याचा गाभा हाच: एका शाखेत अडकू नका, विषय निवडा, प्रश्न विचारा.

आपल्या मुलींचे विषय मात्र बाप, भाऊ आणि एस.टी.ची वेळ ठरवते. विद्यापीठ जवळ आलं, निवड आली नाही. पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं गावातल्या एका मुलीला विचारावं: तुला काय शिकायचंय?