शरदात पाऊलखुणा

पाऊस सरला, पण नाल्याकाठची माती अजून ओली आहे. ठसे ओळखायला हेच दिवस बरे. हुडकेश्वरहून आम्ही बाया सातपुड्यात, मेळघाटला गेलो त्या याचसाठी. आपल्या उमरेड पट्ट्यात सरपणाला, गवताला रानात जावंच लागतं.

कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. वाघ-बिबट्याच्या ठशात सहसा नाही, त्यांची आत ओढलेली असतात. ठशाच्या कडा धारदार असल्या तर तो ताजा. वानर एकसारखं खोकरू लागलं की मोळी तिथंच टाकायची. मोळी काय, उद्याही बांधता येते! गवत कापताना एकीनं उभं राहून पाहत राहायचं, कारण वाकलेली बाई वाघाला जनावरासारखी दिसते. आणि दिसलाच, तर पळायचं नाही. तोंड त्याच्याकडं ठेवून, सगळ्यांनी मिळून हळूहळू मागं सरायचं.