बेसा ते देवबाग: कॅम्परव्हॅन आणि जंगलजेटी

नागपूरच्या दक्षिण टोकाच्या बेशाहून समुद्र गाठायचा तर बहुतेक वाट समृद्धी महामार्गाची. शिवमडका ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. कॅम्परव्हॅनचा खरा कस मात्र त्यापुढे लागतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (मार्च २०२० पासून) सुमारे तासाभरात गाडीसह पलीकडे उतरवते आणि पेण-वडखळचा वळसा वाचतो.

पुढे खाड्या आडव्या येतात. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या आखूड नद्यांची मुखे समुद्राने बुडवलेली आहेत, म्हणून किनाऱ्यालगतचा रस्ता पुन्हा पुन्हा तुटतो. राजपुरी खाडीवर आगरदांडा-दिघी, सावित्रीवर बागमांडला-वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे, शास्त्रीवर तवसाळ-जयगड अशा फेऱ्या चालतात. स्थानिक या फेरीबोटीला जंगलजेटी म्हणतात. दाभोळची सेवा २००३ पासूनची. ती चुकवली तर गुहागरला चिपळूणमार्गे जावे लागते.

वेळापत्रकाइतकेच भरती-ओहोटीचे गणित महत्त्वाचे. ओहोटीला बोटीच्या फळीचा उतार तीव्र होतो आणि लांब गाडीचा मागचा भाग धक्क्याला घासतो. पाण्याची टाकी किंवा सांडपाण्याचा पाइप तिथेच लोंबत असला तर दुरुस्तीचा खर्च ठरलेला. म्हणून मोठ्या गाडीने अर्धी भरती धरून जावे. गाडीची लांबी, उंची आणि वजन धक्क्यावर आधीच सांगावे, बोटीवर गॅस सिलिंडर बंद ठेवावा आणि हँडब्रेक ओढावा.

उत्तर अमेरिकेतील आउटर बँक्स हा फेरीवर अवलंबून असलेल्या अशा किनाऱ्याचा दुसरा नमुना, पण घडण अगदी वेगळी. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, त्यामुळे लाटांना वाळूची लांबच लांब बेटे रचता येतात. कोकणात पाणी त्याहून जास्त चढते-उतरते. इथे अशी बेटांची माळ दिसत नाही. हॅटरसहून ओक्राकोकला फेरी फुकट आहे आणि त्या बेटावर रस्त्याने पोहोचता येतच नाही. वाळू सरकत असते: २००३ च्या इसाबेल वादळाने हॅटरस बेट फोडले होते आणि १९९९ मध्ये तिथले दीपगृह सुमारे ८८० मीटर आत हलवावे लागले.

कोकणात या वाळूच्या बेटांना जवळचे म्हणावे असे मालवणचे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूचा अरुंद पट्टा. गावात रस्ते बोळाएवढे आहेत. व्हॅन तारकर्लीकडे ठेवून पुढे लहान गाडीने जाणेच शहाणपणाचे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तरी सांडपाणी सोडण्याची सोय अजून विरळच. शिवाय रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवरचे पूल येत आहेत. ते झाले की जंगलजेट्यांचे महत्त्व ओसरेल. हिवाळ्यात मायदेशी येणाऱ्या मंडळींनी त्याआधी एकदा या वाटेने जावे.