करारात नसलेला पक्ष



करार दोघांत होतो; पण त्याचे परिणाम पुष्कळदा तिसऱ्यालाच भोगावे लागतात. दात्याच्या शुक्राणूंच्या वा स्त्रीबीजाच्या साहाय्याने होणाऱ्या अपत्यजन्माची कथा अशीच आहे. दाता, रुग्णालय आणि अपत्यहीन दांपत्य या तिघांनी आपापसांत व्यवहार ठरविला. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते मूल मात्र करारात नव्हते.

या कराराचे मुख्य कलम गुप्तता हे होते. दात्याचे नाव विचारावयाचे नाही, मुलाला काही सांगावयाचे नाही. पुरुषाच्या वंध्यत्वावर पांघरूण घालण्याची सोयही त्यात होती. या मौनाला पहिला तडा स्वीडनने 1984 च्या कायद्याने दिला आणि वयात आलेल्या मुलाला दात्याची ओळख जाणून घेण्याचा हक्क मान्य केला. ब्रिटनने 1 एप्रिल 2005 पासून नव्या दात्यांची अनामिकता संपुष्टात आणली.

परंतु सारे काही सरकारांनी केले असे नव्हे. मुलांपासून सत्य लपवावयाचे नाही, असे ठरविणारी ब्रिटनमधील काही कुटुंबे 1993 सालीच एकत्र आली होती. अमेरिकेत 2000 साली एका आईने आणि तिच्या मुलाने इंटरनेटवर एक नोंदवही उघडली. दात्याचा नुसता क्रमांक हाती असलेली मुले त्या आधारे आपली भावंडे शोधू लागली. पुढे घरबसल्या जनुकतपासणी होऊ लागली. दात्याने स्वतः तपासणी केली नसली, तरी त्याच्या एखाद्या नातलगाच्या नमुन्यावरून त्याचा माग लागू शकतो. अनामिकतेचे वचन पाळणे आता कोणत्याही रुग्णालयाच्या हाती उरलेले नाही.

आते, मावस, चुलत, सावत्र अशी नात्यांची बारीक वर्गवारी करणाऱ्या मराठीतही या भावंडांसाठी शब्द नाही. शब्द नसला तरी नाते आहे; आणि ते रक्ताने जुळलेले असले, तरी परस्परांच्या शोधातून उभे राहिलेले आहे.

येथे बाजाराचाही विचार केला पाहिजे. रिचर्ड टिटमस यांनी 1970 साली रक्तदानाचा अभ्यास करताना देणगी आणि विक्री यांतील भेद दाखविला होता. विक्रीत पैसे चुकते झाले की संबंध संपतो. येथे पैसे चुकते होतात, पण संबंध संपत नाही, आणि बाजार मात्र तो संपल्याचे गृहीत धरतो. 2023 साली हेग येथील न्यायालयाने एका डच दात्याला यापुढे नव्या पालकांना शुक्राणू देण्यास मनाई केली. त्याची किमान 550 मुले अनेक देशांत विखुरलेली होती. एका देशाने घातलेली मर्यादा सीमेपलीकडे चालत नाही, हा त्याचा धडा.

आपल्याकडील 2021 च्या कायद्याने काही स्वागतार्ह गोष्टी केल्या. एका दात्याचे बीज एकाच दांपत्याला द्यावयाचे. स्त्रीने आयुष्यात एकदाच बीजदान करावयाचे. आणि मुलाला त्या दांपत्याच्या अपत्याचे सर्व हक्क. परंतु वयात आल्यावर दाता कोण हे विचारण्याचा हक्क त्याने मुलाला दिलेला नाही.

सत्य कळल्यास कुटुंब मोडेल, अशी भीती घातली जाते. महाभारतातील कर्णाला आपले जन्मरहस्य युद्ध तोंडावर आले असताना कळले. तेही सांगणाऱ्यांच्या गरजेपोटी. तरीही त्याने राधेला आई मानण्याचे सोडले नाही. सत्याने वाढविणाऱ्या आईचे नाते तुटले नाही. उशिराने मात्र कर्णाचे आयुष्य नासले. दात्यांची कायमस्वरूपी सरकारी नोंद आणि अठराव्या वर्षी ती पाहण्याचा मुलाचा हक्क, एवढी मागणी म्हणूनच अवास्तव नाही. जो करारात नव्हता, त्याची बाजू समाजाने घ्यावयाची असते.