यंत्रांचा संवाद आणि आपली मुले
(मंडळाच्या विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



माझ्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकास कार्यकारी मंडळाने आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी ऋणी आहे. ज्या मुलामुलींचा आपण आताच गौरव केला, त्यांतील पुष्कळजण संगणक-अभियांत्रिकीकडे वळणार आहेत. पाल्य तेथे काय शिकतो असे विचारले असता बहुतेक पालक ‘कॉम्प्युटर’ एवढेच सांगून थांबतात. म्हणून त्या विद्येतील एका विषयाची ओळख करून देण्याचे मी योजिले आहे. दोन यंत्रांनी परस्परांशी बोलताना कोणते संकेत पाळावेत, हे ठरविण्याचे ते शास्त्र होय. या संकेतांस ‘प्रोटोकॉल’ म्हणतात.

पत्राची पोचपावती आपणां सर्वांस ठाऊक आहे. यंत्रांचा व्यवहारही त्याच तत्त्वावर चालतो. लांब मजकुराचे लहान लहान तुकडे करतात व ते क्रमाने मोजता यावेत अशी सोय ठेवतात. वाटेत एखादा तुकडा गहाळ होतो, एखादा मागून निघून पुढे पोहोचतो. घेणारा पोच पाठवितो. ठरावीक वेळात ती न आल्यास देणारा तोच तुकडा पुन्हा पाठवितो. तुकडा दोनदा आला तर क्रमावरून ते कळते व जादा प्रत टाकून देता येते. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट काह्न या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७४ साली अशी पद्धत मांडली आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जालकाने तिचे सुधारलेले रूप स्वीकारले. आजचे इंटरनेट त्याच पायावर उभे आहे.

हे वाटते तितके सोपे मात्र नाही. कल्पना करा की, आपल्या कन्हान नदीच्या दोन तीरांवर दोन पलटणी आहेत. दोघींनी एकाच वेळी चाल केली तरच जय. पण निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिलीने वेळ कळविली, दुसरीने पोच दिली. परंतु ती पोच पोहोचली की नाही, हे दुसरीस कसे कळावे? पोचेचीही पोच हवी, आणि तिचीही! अशा वाटेवर पूर्ण खात्री कधीच मिळत नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे. तेव्हा किती वेळ थांबावे, किती वेळा पुन्हा प्रयत्न करावा आणि अखेर काय करावे, हे आधीच ठरवावे लागते. संकेत रचण्याची खरी कसोटी ती हीच.

दुसरे उदाहरण १९८६ च्या ऑक्टोबरातील. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुमारे चारशे यार्डांवरील दोन ठिकाणांमधील दळणवळणाचा वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. वाट तुंबली, पोच उशिरा येऊ लागली, म्हणून प्रत्येक यंत्र तोच मजकूर पुन्हा पाठवू लागले, आणि वाट अधिकच तुंबली. रेल्वे फाटक उघडताच दोन्हीकडून सर्वांनी एकदम गाड्या घातल्या म्हणजे जे होते, तेच झाले. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला: प्रारंभ हळू करावा, आणि तुकडे गहाळ होताहेत असे दिसताच आपला वेग आपणच कमी करावा. कोणी हवालदार उभा न करता, प्रत्येकाच्या संयमाने वाट मोकळी राहिली.

आपल्या महाराष्ट्रानेही या कार्यात आरंभीच भाग घेतला. १९८६ साली ‘अर्नेट’ ही शैक्षणिक जालकाची योजना सुरू झाली. तीत मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था व पवईचे आय. आय. टी. सहभागी होते, आणि या दोहोंमध्ये टेलिफोनच्या तारेवरून ई-पत्रांची देवघेव सुरू झाली. सामान्य जनतेस इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

आता मुद्द्याची गोष्ट. हा विषय व्याख्या घोकून परीक्षेत उतरविण्याचा नव्हे. आपल्या मुलास सांगा: “दोन यंत्रांसाठी तू स्वतः संकेत रचून दाखव. मी पोच अडवितो, तुझी रचना टिकते का ते पाहू.” हा खेळ कागदाच्या चिठ्ठ्यांवरही खेळता येतो. आय. आय. टीं.ची या विषयावरील व्याख्याने ‘एन. पी. टी. ई. एल.’ वर विनामूल्य ऐकावयास मिळतात.

दुसरी विनंती अधिक कळकळीची आहे. मुलगा असला म्हणजे पुण्या-मुंबईचा खर्च आपण कर्ज काढून करतो. मुलीस मात्र “घराजवळ जे मिळेल ते शीक” म्हणतो. वस्तुतः १९६० साली स्थापन झालेली, आज विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था नागपुरातच आहे. कामठीहून नागपूर ते किती लांब! तेथे प्रवेश मिळविण्याची योग्यता ज्या मुलीत आहे, तिची वाट आपण घरातच अडवू नये. मंडळाच्या विद्यार्थी-निधीतून मुलामुलींस समान साहाय्य मिळावे, अशी सूचना मी या सभेपुढे ठेवितो.

सूचनेची पोच कार्यकारी मंडळाकडून यथावकाश मिळेल, अशी आशा आहे. न मिळाल्यास, शास्त्राप्रमाणे, मी ती पुन्हा पाठवीन.