नकाशावरचं अंतर, पायाखालचं अंतर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणजे आता संगणकावर बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे भूगोलाच्या पेपरातल्या दोन गुणांच्या प्रश्नावर : नकाशाप्रमाण.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर १ : ५०,००० असं छापलेलं आपण पाहिलंय. नकाशावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटीमीटर, अर्थात अर्धा किलोमीटर. क्षेत्रफळ काढताना हा हिशेब लांबी आणि रुंदी दोन्हींना लागतो, म्हणून १ चौरस सेंटीमीटरमध्ये २५ हेक्टर जमीन मावते.

याच नकाशाची झेरॉक्स मोठी करून काढली, की छापलेला आकडा लागू राहत नाही. खाली आखलेली प्रमाणाची रेषा मात्र नकाशाबरोबर वाढते, म्हणून ती खरी राहते. मोबाइलवर आपण बोटांनी नकाशा लहान-मोठा करतो तेव्हा प्रमाण सतत बदलत असतं. तिथेही कोपऱ्यातली छोटी रेषाच कामाला येते.

आता मोजूया. नकाशावर सरळ पट्टी ठेवली, तर महाबळेश्वर ते प्रतापगड साधारण ९ किलोमीटर भरतं. घाटातून गाडीने जाताना हेच अंतर २० किलोमीटरच्या वर जातं. पट्टीने पाखराची वाट मोजली. आपली एसटी वळणांनी गेली. म्हणूनच रस्त्यावर दोरा वळणावळणाने बसवायचा, मग ताणून प्रमाणाच्या रेषेवर ठेवायचा. तरी थोडं कमीच भरतं, कारण लहान वळणं नकाशात मावत नाहीत.

संगणकाला दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले, की तो सरळ अंतर क्षणात सांगतो. रस्त्याचं अंतर काढायला रस्त्यांची सगळी माहिती लागते, वेळ लागतो. त्यामुळे सोपा आकडा वापरायचा मोह आम्हा प्रोग्रॅमर मंडळींना नेहमीच होतो.

पण त्या आकड्यावर माणसं अवलंबून असतात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी असं सांगितलंय. हे अंतर चालत जाण्याचं आहे. समजा, संगणकाने शाळेभोवती १ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. ओढ्यापलीकडची वस्ती त्यात आली. कागदावर त्या वस्तीला शाळा मिळाली. पूल मात्र दीड किलोमीटर खाली आहे. दुसरीतली पोर पाठीवर दप्तर घेऊन रोज तो वळसा घालते, आणि पावसाळ्यात घरीच बसते. इथे गणितात कुठेच चूक नाही, म्हणून ती कुणाला सापडतही नाही.

मुलांनो, आपलं घर ते शाळा हे अंतर नकाशावर आधी पट्टीने मोजा, मग दोऱ्याने, आणि शेवटी पावलांनी. तीन उत्तरं वेगळी येतील. ती का वेगळी आली हे सरांना सांगता आलं, तर तुम्हाला नकाशा कळला.

आणि मित्रहो, आपल्यापैकी कुणी ग्रामपंचायतीत आहे, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात. ‘सर्वांत जवळचं केंद्र’ असं लिहिलेला कागद सहीसाठी समोर आला, तर सही करण्याआधी एकदा विचारा, “हे अंतर पाखराचं की माणसाचं?”