एकाच किटलीतला चहा
(धामणगाव बढे येथील भाषण)



आज चहाबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या आणि मागोमाग चहा येतो. पाहुणा "आत्ताच घेऊन आलो" म्हणतो आणि घरधनी "अर्धा कप तर घ्याच" म्हणून बसवतो. कोणी चहा म्हणतं, कोणी चाय. कोणाला अद्रकाचा लागतो, कोणाला गवती चहा टाकून. बशीत ओतून फुर्र करत प्यायची मजा तर सगळ्यांची सारखीच.

ही चाल फार जुनी असेल असं वाटतं, पण तसं नाही. इंग्रजांनी आसामात चहाचे मळे उभे केले ते १८३० नंतर, आणि माल जायचा विलायतेला. पुढे चहा कंपन्यांनी गावोगाव जाहिराती केल्या. १९३० साली आसामात सीटीसी यंत्र निघालं. त्यातून बारीक दाणेदार पत्ती मिळू लागली. थोड्या पत्तीत कडक रंग आणि जास्त कप निघतात, त्यामुळे पुढे चहा गरिबाच्या खिशाला परवडू लागला.

पण चहा घरात आला तसा एक प्रश्नही घेऊन आला : कोणाच्या हातचा प्यायचा?

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांना चहा दिला गेला. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी प्यायले, कोणी कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. एवढी मोठी माणसं, आणि गुन्हा काय, तर ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा!

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे हे दलित समाजातले, दरबारात नोकरीला होते. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना धंदा करायला बळ दिलं. कांबळ्यांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं. पण गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले, सोबतच्या लोकांनाही पाजू लागले. राजाने भररस्त्यात चहा प्यायल्यावर दुसऱ्याने नाक मुरडायचं कसं? शाहू महाराज गेल्यावर १९२५ साली त्यांचं पहिलं स्मारक कोल्हापुरात उभारलं ते याच गंगाराम कांबळ्यांनी.

तिसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची. त्या काळी रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू चहा', 'मुसलमान चहा' अशा आरोळ्या व्हायच्या. पाणीही वेगळं. १९४५-४६ मध्ये आझाद हिंद सेनेचे सैनिक लाल किल्ल्यात कैद होते. तिथेही हिंदूंचा चहा वेगळा, मुसलमानांचा वेगळा यायचा. गांधीजी भेटायला गेले तेव्हा सैनिकांनी त्यांना सांगितलं की आम्ही दोन्ही चहा एकत्र ओततो आणि अर्धा-अर्धा वाटून पितो. शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर जिथे खटला चालला, तिथलीच ही गोष्ट.

म्हणूनच आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकान, उपाहारगृह यांचा मुद्दाम उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणालाही अडवता येत नाही. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला.

तरी वेगळा कप संपला का? काही गावांत तो कायद्यानंतरही कित्येक वर्षं टपरीच्या कोपऱ्यात टांगलेला होता. आज तो मोबाइलवर येतो : "अमक्याच्या दुकानात जाऊ नका, तमक्याकडून घेऊ नका." असा मेसेज पुढे पाठवणारा हात हिंदू असो की मुसलमान, तो आपल्याच गावातल्या एखाद्या टपरीवाल्याची चूल विझवतो. त्याच्याकडे दूध टाकणारा, साखर देणारा, उधारी ठेवणारा दुसऱ्या धर्माचा असतो. तोटा सगळ्यांच्याच घरी पोहोचतो.

आणि आपल्या समाजाला एक प्रश्न. आपल्याकडे सगळे एका ताटात जेवतात हे आपण अभिमानाने सांगतो, ते खरंही आहे. मग सोयरिकीची बोलणी निघाली की बिरादरी का आठवते? चहापुरती बरोबरी कशी चालेल? आणि चौकातल्या टपरीवर आपल्या बहिणी, मुली कधी बसलेल्या दिसतात का? गावाच्या रस्त्याची, पाण्याची, शाळेची बोलणी तिथेच होतात. तिथे त्या नसतील तर त्यांचं म्हणणं ऐकणार कोण?

तेव्हा तीन कामं करू. कोणावर बहिष्कार टाका असा मेसेज आला तर पुढे पाठवायचा नाही, आणि ज्याच्याबद्दल आला त्याच्याच दुकानात जाऊन चहा घ्यायचा. महिन्यातून एकदा दुसऱ्या मोहल्ल्यातल्या एका कुटुंबाला घरी बोलवायचं, आणि त्यांनी बोलावलं तर जायचं. आणि गावाच्या बैठकीत बायकांची खुर्ची पुढच्या रांगेत ठेवायची, कप देण्यासाठी त्यांना आत पाठवायचं नाही.

मागे किटली तापली आहे. आज चहा पुरुष मंडळी वाटतील. पहिला कप समोर बसलेल्या आमच्या बहिणींना द्या, मग बाकीच्यांना.